आखाजीला डाव्या हातानं

परवा अमरावतीत एका कार्यशाळेच्या जेवणाच्या सुटीत एका तरुण थेरपिस्ट मुलीनं मला गाठलं. म्हणाली, "सर, आम्ही तुमचीच पद्धत वापरतो. उजवा हात गेलेला पेशंट दवाखान्यातून घरी आला, की वाट बघत बसायचं नाही. डावा हात लगेच स्वयंपाकाला, जेवायला, वाढायला लावायचा." मी हातातल्या ताटाकडे बघत नुसतं "हो, हो" म्हटलं. घरी येईपर्यंत ते "हो, हो" मला टोचत राहिलं. ती पद्धत माझी नाही. ती अकोल्यातल्या एका बाईची आहे आणि तिच्या बाबतीत मी नेमकं उलटं केलं होतं.

याच गोष्टीसाठी मला शाल-श्रीफळही मिळालं आहे. तेव्हा ती बाई समोर पहिल्या रांगेत बसली होती. मी माइकवर म्हणालो, "मी ताईंचा डावा हात जागा केला." टाळ्या झाल्या. तिनंही वाजवली, डाव्या हातानं मांडीवर. परत जाताना गाडीत बसता बसता मला म्हणाली, "सर, भाषन लय चांगलं झालं. एकदम पाठ केल्यासारखं." त्याउपर ती त्या विषयावर कधी काही बोलली नाही. आता मी पंच्याहत्तरीला आलो. तिनं जे बोलून दाखवलं नाही, ते मीच लिहून ठेवलेलं बरं.

माझं काम आधी सांगतो, कारण चाळीस वर्षं करूनही माझ्या सख्ख्या मेव्हण्याला ते कळलेलं नाही. ऑक्युपेशनल थेरपी हे नाव आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसत नाही. लोक मला 'मालिशवाले सर' म्हणत. मी मालिश करत नाही. फिजिओ माणसाला उभं करतो. उभं राहिल्यावर त्यानं चहा करावा, लुगडं नेसावं, नळ आला की पिंप भरावं, संडासात एकट्यानं जाऊन यावं, हे बघणं माझं काम. निवृत्तीनंतरही मी आठवड्यातून एकदा अमरावतीहून अकोल्याला जायचो आणि घरोघरी पेशंट बघायचो.

तिला पन्नाशीच्या आतच पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायची. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ती जीभ काय होती ते पुढे येईलच. मूलबाळ नव्हतं. नवरा शांत माणूस, कापडाच्या दुकानात नोकरीला. झटक्यानंतर तो सकाळी स्वयंपाक करून, तिला जेवू घालून कामाला जाई. अकोल्याच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या, पुढे लहानसं अंगण, भिंतीला भिंत लागून एका मुसलमान शिंप्याचं घर. शिंप्याच्या बायकोला ती भाभी म्हणे.

पहिल्यांदा गेलो त्या दिवशी त्यांच्या घरी पूजा झाली होती. ती काठी टेकत आली, काठी भिंतीला लावली आणि देवापुढची प्रसादाच्या शिऱ्याची वाटी उचलून माझ्यापुढे धरली. डाव्या हातानं. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणालो, आणि मग तिच्या नवऱ्यानं तीच वाटी तिच्या हातातून घेऊन मला दिली, तेव्हा मात्र घेतली. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. लहानपणी जेवताना डावा हात ताटाला लागला, की आई मनगटावर उलथनं मारायची. ते मनगटात राहून गेलं असावं. पण तिनं ते पाहिलं.

मग मी चहा पीत सल्ला दिला. "ताई, डाव्याची सवय लावून घेऊ नका. डाव्यानं काम केलं, की उजवा आळशी होतो. खाणंपिणं, रांधणं, सगळं उजव्यानंच करायचा प्रयत्न करा." याला पुस्तकात थोडाफार आधार आहे. काही पेशंटांत सुरुवातीला असं करतातही. तेवढ्या आधाराच्या आड मला माझा संकोच लपवता आला. तिचा उजवा हात फारसा परत येणार नाही, हे दोन-तीन महिन्यांत कुणालाही दिसलं असतं. मलाही दिसत होतं. तरी मी जाड मुठीचा चमचा घेऊन जायचो, तिच्या उजव्या बोटांत बसवायचो आणि वरण सांडताना बघायचो.

"सर, हे वरन रोज जमिनीलेच जेवू घालाचं काय?" ती विचारायची.

"होईल, ताई. धीर धरा."

"मी धरतो धीर. चमचा कोन धरन ते सांगा."

हसायचं आणि पुढचा आठवडा. वर्षभर असंच चाललं.

मग पौषात तिचा नवरा गेला. सकाळी छातीत कळ आली. शिंपी रिक्षा आणायला धावला, पण रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्यानंतर तिचा मोठा भाऊ दर्यापूरहून वरचेवर येऊ लागला. शेती करणारा, धिप्पाड, बहिणीवर अतिशय जीव असलेला माणूस. तो आला, की तिला पेला उचलू देत नसे. पाणी प्यायचं म्हटलं तर पेला तिच्या तोंडाला लावी. "बाई, तू बस व. तू फक्त बस." मला अशा प्रेमळ माणसांची फार भीती वाटते. माझ्या धंद्यात पेशंटला कायमचं बसवून ठेवणारे सगळे असेच प्रेमळ असतात.

त्याची एकच इच्छा होती, तिनं घर बंद करून कायमचं दर्यापूरला यावं. तिची एकच इच्छा होती, इथंच राहावं. त्याच्या घरी तिला काही कमी पडलं नसतं. पण माजघरातल्या खाटेवर बसून दिलेलं खायचं आणि भावजयीच्या सवडीनं अंघोळीला जायचं, हे ती जाणून होती. "तिथं मी पाहुनी म्हनून जाईन अन् सामान म्हनून राहीन," असं ती मला म्हणाली होती.

होळीनंतर एका भेटीत भावानं मला अंगणात गाठलं. खिडकीत नुकताच कूलर बसवला होता आणि तो घरघरत होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

"सर, खरं सांगा. एकटी राहू शकीन काय हे?"

त्या दिवशी माझ्यासमोर तिनं उजव्या हातानं पातेलं उचलायचा प्रयत्न करून दूध सांडलं होतं. मी म्हणालो, "नाही जमायचं. चार जिवलगांत राहील तर बरं. घेऊन जा."

"मंग आखाजीले नेतो," तो म्हणाला. आमच्याकडे अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, लेकी माहेरी जातात. "माहेरी आनलं म्हनू. परत पाठवाचं नाव घ्याचं नाही."

मी मान डोलावली. हे मला आज लिहिताना जड जातं. मी तिच्या घराचं कुलूप तिच्या भावाच्या हातात दिलं, तेही तिला न विचारता आणि तिचा डावा हात एकदाही न तपासता.

आखाजीच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला.

"सर, आखाजीले जेवाले या. पितर म्हनून बसाचं हाय तुमाले."

हेही सांगायला हवं. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं एका माणसाला जेवायला बोलावतात. त्याला पितर म्हणतात. तो पाटावर बसतो, त्याला गंध लावतात, घरातल्या सगळ्यांच्या आधी तो जेवतो आणि तो तृप्त झाला म्हणजे गेलेला माणूस तृप्त झाला. तिचा नवरा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी होती.

मी म्हणालो, "ताई, मी तुमच्या यजमानांपेक्षा किती मोठा. त्यांच्या वयाचं कुणी बघा."

"वय काय पाहता? जेवनारं मानूस पाह्यजे." मग ती म्हणाली, "सर, तुमी भावाले अंगनात जे सांगतलं ते मले ऐकू आलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कूलर बाह्यरची हवा आत ओढते, सर. बोलनंही ओढते." ती चिडलेली वाटत नव्हती. "त्याचं काही नाही. पन तुमी मले पाह्यलंच नाही. पयल्या दिवशी तुमी माह्या हातचा परसाद नाही घेतला, तवापासून मी तुमच्यासमोर डावा हात काढलाच नाही. तुमी गेले, की त्याच हातानं सारं घर चालते. आता या. आमच्या घरची रीत हाय, पितरानं जेवन होईस्तोर बोलाचं नाही, उठाचं नाही. फक्त जेवाचं."

मी गेलो. मूर्तिजापूरच्या पुढे बसमध्ये उन्हाच्या अशा झळा येत होत्या, की खिडकीची दांडी हाताला चटके देत होती.

तिच्या दारात पिकअप उभी होती. मागे दोर, ताडपत्री, खाट बांधायची तयारी. भाऊ आधीच पोचला होता. भाभी तिच्या अंगणातल्या सावलीत बसून होती. स्वयंपाक हिनंच केला असणार असं धरून मी तिला विचारलं, "भाभी, सकाळपासून तुम्हालाच राबावं लागलं असेल?"

"मैं कायकू राबूं?" ती म्हणाली. "मेरेकू तो आज अंदर बी नई आने दी. बोली, तू हात लगाई तो मेरा भाई बोलेगा भाभी ने पकाया. पिछले महीने से मेरी सालन की कटोरी बी वापस भेज रई. इत्ती अकड़!" आणि ती अभिमानानं हसली, जणू ती अकड तिचीच होती.

आत गेलो. स्वयंपाकघर मी वर्षभर बघत होतो, पण ते मला नव्यानं दिसलं. पोळपाटाखाली ओलं फडकं, म्हणजे तो फिरू नये. हे मात्र मीच कधीतरी सांगितलेलं, तेवढं माझं. विळीवर मी बंदी घातली होती, हात कापून घ्याल म्हणून. ती विळी मधोमध मांडलेली होती. तिनं दाखवलं, बुटक्या स्टुलावर बसून चांगल्या पायानं विळी दाबायची आणि डाव्या हातानं बटाटा पात्यावर ढकलायचा. पातं हलत नाही, दुसरा हात लागतो कशाला? वस्तू इकडून तिकडे नेण्यासाठी मी तिला दवाखान्यात असते तशी उंच ट्रॉली आणून दिली होती, तिच्यावर टॉवेल वाळत होता. ती गॅस सिलिंडरखाली ठेवतात ती चाकांची गोल गाडी वापरत होती. गाडीवर पातेलं, मागून काठीचा टेका, आणि पातेलं घरभर फिरतं. कोपऱ्यात आखाजीला पितरांच्या नावानं मांडतात ती घागर पाण्यानं भरलेली, तिच्यावर खरबूज. ती कशी उचलली असं मी विचारलं.

"उचलाची काहून? आधी रिकामी ठेवली, मंग लोट्यानं भरली. तुमी शिकलेले लोक आधी भरता, मंग रडता."

भाऊ बाहेरच्या खोलीत बसून होता. त्यानं तिथूनच हाक दिली, "बाई, पितर दर्यापूरलेही घालता आलं असतं व. सामान भराले घेऊ काय?"

"त्यायचं पितर त्यायच्या घरात. दर्यापूरले ते कधी मुक्कामाले तरी राह्यले काय? इकडे ये, सरले गंध लाव."

त्यानं गंध लावलं. मी पाटावर बसलो. पुढ्यात केळीचं पान. ती माझ्यासमोर बुटक्या स्टुलावर बसली, शेजारी ती चाकांची गाडी, तिच्यावर भांडी. काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला, आणि डाव्या हातात पळी घेतली.

भाऊ दारातून एकदम पुढे आला. "थांब, थांब. डाव्या हातानं? पितराले डाव्या हातानं वाढशीन तू? मी वाढतो, दे इकडे."

पळी तिच्या हातात तशीच राहिली. ती म्हणाली, "दादा, त्या दिवशी घरात कोनी नोतं. त्यायनं पानी मांगलं. मी याच हातानं पाजलं. त्यायनं पेलं, अन् मंग गेले. शेवटचं पानी या हाताचं चाललं त्यायले. आता जेवन चालनार नाही म्हनतं काय?"

भाऊ एक पाऊल मागे सरला. मग माझ्याकडे वळला. "सर, तुमी सांगा. चालते काय हे?"

"पितराले बोलता येत नाही," ती म्हणाली, आणि वाढलं. आधी भात, भातावर वरण, मग कढी, बटाट्याची भाजी, भजे, कुरडई. लहान लहान पोळ्या, पुरण भरलेल्या, काठाला जराशा जाड. वाटीत आमरस. एक थेंब पानाबाहेर नाही. ज्या बाईचं वरण वर्षभर मी जमिनीवर बघितलं होतं, तिचं वरण भाताच्या मुदीवर मधोमध पडलं.

दोघं माझ्याकडे बघत होते. माझा हात पानाजवळ जाऊन थांबला. हे खरं लिहायचं म्हणून तर बसलो आहे, म्हणून लिहितो, तो थांबला. एवढं कळून, एवढं ऐकून, माझं मनगट तयार होईना. बाहेर भाभीचा पाळीव कोंबडा ओरडत होता, आणि मला वाटलं, मी आता उठलो तर ती आजच पिकअपमध्ये बसेल.

मी पोळी मोडली, रसात बुडवली आणि खाल्ली.

पुरणात वेलदोडा जरा जास्त होता. बाकी असं जेवण मी त्यापूर्वी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो. मी पोळी संपवली आणि पानावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तिनं दुसरी वाढली. मग रस. मग भजे. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी फक्त जेवत होतो, आणि माझ्या आयुष्यात मी दिलेल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा ते जेवणं त्या घरात जास्त कामाचं ठरलं. ती वाढत होती, भाऊ तिच्या हाताकडे बघत होता. पळी पातेल्यात जाते, भरून वर येते, काठावर निथळते, पानावर उलटते. त्यानं हा हात असा कधी बघितलाच नव्हता. आम्ही दोघांनीही.

मी पोट गच्च होईपर्यंत जेवलो. शेवटची आपोष्णी घेतली, हात धुतले, आणि मग मला बोलायची मुभा मिळाली. मी भावाला म्हणालो, "दादा, अंगणात मी तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं. मी बघितलं नव्हतं. ह्या इथं राहू शकतात."

तो माझ्यावर उखडला. उखडायलाच हवं होतं. "सर, तुमच्या भरवशावर मी पिकअप मांगून आनली राजेहो! आज हो म्हनता, तवा नाही म्हनत होते. डॉक्टर लोकायची जीभ हाय का दरवाज्याची फळी?"

"त्यायले काहून बोलतं?" ती म्हणाली. "पितर हाय आज ते. पाप लागन. तू बस, तुह्यं पान मांडलं."

तो उभाच होता. "अन् रात्री पडली त?"

"पडली त पडली. तुह्या घरी पडनार नाही काय? तिथं त तुनं नवीन टाइल बसवली, तिथं जास्त पडन. इथं भाभी भिंतीले लागून हाय, फोन गळ्यात हाय. अन् सर हायत. आता तरी धड पाह्यतीन."

भिंतीपलीकडून भाभीचा आवाज आला, "मैं सुन रई हूं!"

भाऊ खाली बसला. मोठं शरीर घडी घालून, मांडी घालून, हळूच. मग पान तिच्याकडे थोडं सरकवलं आणि म्हणाला, "वाढ."

तिनं वाढलं. तो खाली मान घालून जेवत होता, आणि चौथ्या की पाचव्या पोळीनंतर म्हणाला, "वेलदोडा जास्त झाला व, बाई." तेव्हा ती पहिल्यांदा रडली, हसत हसत. जिनं दिलेलं खायचं तिच्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवत नाही. नावं ठेवली म्हणजे ते घर तिचं.

त्याला काही वर्षं झाली. ती तिथंच राहते. नळ येतो त्या दिवशी पाइप लावून पिंप भरते, कूलरची टाकी भरते, आणि अलीकडे मी पाठवलेल्या पेशंट बायांना तिच्या स्वयंपाकघरात बसवून विळी धरायला शिकवते. एकीला म्हणाली म्हणे, "सर काही सांगतीन, ते ऐकजो. पन त्यायच्या समोर नको करू, त्यायच्या मागं करजो." मी पाठवायचं थांबवलं नाही. भाऊ आखाजीला आता तिला न्यायला येत नाही, जेवायला येतो, बायकापोरांसह.

पण त्या दुपारचं राहिलंच. जेवणं झाली, भावाच्या पोरांसाठी तिनं कुरडयांची पिशवी बांधून दिली. गाठ मारताना पिशवीचं एक टोक दातात धरलं. आम्ही दोघं पुरुष बाहेर पडलो आणि दारात चपला घालू लागलो. ऊन आत येऊ नये म्हणून तिनं मागून दार ओढून घेतलं. आतून कडीचा आवाज येऊ लागला. लागत नव्हती. एकदा घसरली, पुन्हा घसरली. भावाचा हात आपोआप दाराकडे गेला. मी तो धरला. आम्ही तसेच उभे राहिलो, भर उन्हात, एकमेकांचा हात धरून, दोन म्हातारे. मग कडी बसली.

"लागली," भाऊ म्हणाला, आणि रिकाम्या पिकअपकडे निघाला.